घरावरचे कौल आणि सरकारचा कौल



'कौल' हा शब्द आपल्या भाषेत दोन रूपांनी वावरतो. एक ते कौल, जे आपल्या घरांच्या छपरांवर बसते आणि पावसाळ्याआधी शाकारून घ्यावे लागते. दुसरा तो कौल, जो आपण देवाला लावतो आणि जो पूर्वी सरकार रयतेला देत असे. हा दुसरा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ वचन, दिलेला शब्द. आज आपल्याला या दोन कौलांच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे. माणूस नवे घर बांधतो तेव्हा सरकार त्याला कोणते वचन देते, ते कोणाच्या पदरात पडते, आणि त्या वचनाने घरावर कौले चढतात की नाही, हा आपला विषय.

नव्या घरासाठी कराची सूट म्हटले की आपल्याला अर्थसंकल्प आठवतो, आयकराची कलमे आठवतात. पण ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. मराठी राज्याच्या कागदपत्रांत कौलनामे विपुल आहेत. लढाईने, दुष्काळाने किंवा जुलमाने गाव ओस पडला, की सरकार कौल देई : परत या, घरे उभारा, जमीन कसा, अमुक वर्षे अमुक पट्टी माफ. पुढे कर एकदम पुरा बसत नसे. पहिल्या वर्षी नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असा चढत चढत काही वर्षांनी तो पूर्ण दरास पोहोचे. या चढत्या आकारणीला 'इस्तावा' म्हणत. शिवछत्रपतींच्या काळी नव्या रयतेला गुरे, बियाणे, दाणागोटा आणि रोकड देऊन ती रक्कम ऐपत पाहून हप्त्याहप्त्याने वसूल करावी, असा शिरस्ता असल्याचे सभासदाने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे नुसती माफी नव्हे. माफीच्या जोडीला भांडवलही होते.

हीच रीत शेतावरून पेठेत आली. साताऱ्याचे उदाहरण घेऊ. १६८१ पासून पाव शतकाहून अधिक काळ औरंगजेबाच्या फौजा हा मुलूख तुडवीत होत्या. १७०० मध्ये अजिंक्यताराही मोगलांच्या हाती गेला आणि काही वर्षांनी परत मिळाला. १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. राजधानी ठरली, पण राजधानीला नुसता किल्ला पुरत नाही. वाणी, सोनार, साळी, तांबट, कासार, गवंडी, सुतार लागतात. ते आणायचे कोठून? ज्यांची घरे दुसरीकडे आहेत, त्यांनी ती सोडून डोंगराच्या पायथ्याच्या माळावर का यावे?

त्या काळची पेठ वसविण्याची रीतच या प्रश्नाचे उत्तर आहे. पेठ वसविण्याचे काम एखाद्या वजनदार माणसाकडे सोपवीत. शेटे आणि महाजन यांना वतन देऊन उदमी माणसे जमविण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकीत. येणाऱ्याला घरासाठी जागा मिळे. मोहतर्फा, म्हणजे दुकानदार आणि कारागीर यांच्यावरचा कर, काही वर्षे सोडून देत. जकातीत सवलत मिळे. शेट्या-महाजनांचे उत्पन्न पेठेच्या भरभराटीवर अवलंबून असल्यामुळे आलेला माणूस टिकावा, यात त्यांचाही स्वार्थ असे. वारांच्या नावांच्या पेठा, यादोगोपाळ, मल्हार, व्यंकटपुरा, चिमणपुरा आणि पुढे प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी प्रतापगंज पेठ, ही नावे आपण आज पत्त्यापुरती घेतो. पण साताऱ्याची वाढ पेठेपेठेने झाली, हे या नावांनीच जपून ठेवले आहे.

सांगलीची कथा शंभर वर्षांनंतरची. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणी झाली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेबांनी कृष्णाकाठच्या सांगलीस आपली गादी नेली. मिरज हे जुने, नावाजलेले ठाणे. सांगली त्या मानाने लहान गाव. संस्थानिकाने तेथे गणेशदुर्ग उभारला, गणपतीचे देऊळ बांधविले आणि त्याच्या आसऱ्याने बाजारपेठ वाढली. जेथे राजाला माणसांची गरज असते, तेथे माणसाला किंमत येते, हा इतिहासाचा साधा नियम दोन्ही शहरांत सारखाच दिसतो.

आता या जुन्या कौलाचे गोडवेच गात बसणे बरे नव्हे. पेठांची वस्ती जातवार होती. ज्यांच्या श्रमांवर शहर चाले त्यांतल्या कित्येकांना वेशीच्या आत जागा नव्हती. वेठबिगार होती. दिलेला कौल पुढच्या अंमलदाराने मोडल्याच्या तक्रारीही त्या काळच्या कागदांत सापडतात. पण कौलाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जो कर माफ होई, तो त्या माणसावर एरवी खरोखर बसणारा कर होता. साळ्याला मोहतर्फा द्यावा लागे, म्हणून मोहतर्फ्याची माफी साळ्याच्या घरात पोहोचे. हा धागा आपल्याला पुढे लागणार आहे.

इंग्रजी अंमलात सारा रंग पालटला. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५० च्या कायद्याने शहरांना नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली आणि १८५३ मध्ये साताऱ्यास नगरपालिका आली. रस्ते, दिवे, पाणी आणि झाडलोट यांचा खर्च भागविण्यास घरपट्टी आली. ती अन्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. नळाचे पाणी हवे तर पैसा कोठून तरी यावयाचा. पण सरकारची नजर बदलली. पूर्वी नवे घर म्हणजे सरकारची नवी कमाई होण्याआधीचा पाहुणा होता; आता नवे घर म्हणजे आकारणीच्या वहीतली नवी ओळ झाली. माणसे दुर्मीळ राहिली नव्हती, जागा दुर्मीळ होऊ लागली होती. १८६० मध्ये हिंदुस्थानात आयकर प्रथम बसला, तोही १८५७ च्या खर्चाची भरपाई करण्यासाठी. घर बांधणाऱ्याच्या सोयीचा विचार त्यात नव्हता.

मात्र संस्थानी मुलखात जुन्या कौलाची आठवण शिल्लक होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळरान आणि भांडवलासाठी कर्ज दिले. निवडुंगाच्या त्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची घरे उठली आणि किर्लोस्करवाडी झाली. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना आणि त्याभोवतीची ओगलेवाडी यांनाही औंधचाच आधार होता. आज यांतली एक वसाहत सांगली जिल्ह्यात आणि दुसरी सातारा जिल्ह्यात आहे. या दोन्ही ठिकाणी घरे उभी राहिली ती जागा, भांडवल आणि रोजगार ही तिन्ही एकत्र आली म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई एवढी वाढली की सरकारला पुन्हा कौलाची वाट धरावी लागली. १ एप्रिल १९४६ नंतर सुरू होऊन ठरल्या मुदतीत पुऱ्या झालेल्या इमारतींचे उत्पन्न पहिली दोन वर्षे आयकरातून मोकळे करण्यात आले. १९६१ च्या आयकर कायद्यात नव्या राहत्या घराच्या वार्षिक मूल्यातून ६०० रुपयांपर्यंतची रक्कम तीन वर्षे वगळण्याची सोय झाली. ही सवलत मुख्यतः घरमालकाला होती. तो बांधील आणि भाडेकरू राहील, असा हिशेब होता.

पुढे हिशेब बदलला. भाडेकरूनेच कर्ज काढून मालक व्हावे, असे धोरण आले. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट १९९९ मध्ये ३०,००० रुपयांवरून ७५,००० झाली, २००१ मध्ये १,५०,००० आणि २०१४ मध्ये २,००,०००. मग 'पहिले घर' हा शब्द कायद्यात आला. २०१३-१४ या एका वर्षात मंजूर झालेल्या कर्जावर, कर्ज २५ लाखांपर्यंत, घर ४० लाखांपर्यंत आणि घेणाऱ्याच्या नावावर दुसरे घर नाही, अशा अटींवर एक लाखाची जादा वजावट मिळाली. २०१६-१७ मध्ये पुन्हा वर्षभर दार उघडले. या वेळी ५०,००० रुपये. २०१९ मध्ये ४५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घराला दीड लाखाची जादा वजावट आली आणि ३१ मार्च २०२२ ला नव्या कर्जांसाठी ते दार मिटले.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन शेजारी राहतात. दोघांचे पगार सारखे, घरे सारखी. एकाचे कर्ज मार्च २०१४ मध्ये मंजूर झाले, दुसऱ्याचे मे महिन्यात. पहिल्याला जादा सवलत, दुसऱ्याला नाही. अशा मुदतींचा आणखी एक परिणाम असतो. अमेरिकेने २००९ मध्ये पहिल्या घराच्या खरेदीवर ८,००० डॉलरपर्यंत कर परत देऊ केला. २०१० च्या एप्रिलअखेर करार करण्याची मुदत होती. ती येईपर्यंत खरेदी फुगली आणि संपताच धाडकन खाली आली. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत घरांवरचे मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी उतरविले, तेव्हा मुदतीच्या शेवटी दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत झालेली झुंबड आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. जुना इस्तावा पायरीपायरीने चढे. आजची सवलत तारखेला तोडलेली असते.

आता मघाचा धागा हाती घेऊ. वजावट म्हणजे कोणाच्या हाती काय? जुन्या कर-पद्धतीत ज्याचे उत्पन्न तीस टक्क्यांच्या पायरीवर आहे, त्याचे दोन लाखांच्या वजावटीने ६०,००० रुपये वाचतात. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्याचे ४०,०००. आणि सांगलीच्या हळदीच्या बाजारात पोती वाहणारा हमाल, साताऱ्याच्या राजपथावर दुकानात राबणारा नोकर, यांचे किती वाचतात? काहीच नाही, कारण त्यांना आयकरच बसत नाही. जो कर तो भरत नाही, त्याची माफी त्याला कशी पोहोचणार? घराची गरज खालच्या पायरीवर जास्त आणि सवलत वरच्या पायरीवर जास्त, असा हा उलटा इस्तावा आहे. त्यातही २०२०-२१ पासून आलेल्या आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या कर-पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. दहा-वीस वर्षांचे कर्ज ज्या वचनाकडे पाहून काढले, त्याचा आधार मधल्या मधे पातळ झाला.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत यावर उपाय शोधला गेला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान मिळे. पुढच्या वर्षांचे अनुदान हिशेबाने आधीच कर्जखात्यात जमा होई, आणि ती रक्कम पावणेतीन लाखांच्या आसपास जाऊ शके. येथे आयकर भरण्याची अट नव्हती. अडचण उरली ती बँकेच्या दाराशी. रोजंदारीवरच्या माणसाजवळ पगाराचा दाखला नसतो. या वर्गासाठीचे ते अनुदान मार्च २०२२ अखेर थांबले.

आणखी एक गोष्ट सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत कृष्णेने शहरात शिरून दाखविले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आयकराच्या कलमांनी घराची किंमत विचारली, कर्जाची तारीख विचारली, पहिले की दुसरे तेही विचारले. घर पूररेषेच्या आत की बाहेर, हे मात्र विचारले नाही. ज्याने आयुष्याची पुंजी घालून पहिले घर घेतले आणि चौथ्या वर्षी गाळ उपसला, त्याला वजावटीचा कागद किती दिलासा देणार?

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पात नव्या घरासाठी सवलत जाहीर झाली, की आपण टाळ्या वाजविण्याआधी चार प्रश्न विचारू या. ज्याला घर नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचते का? कर्जाची मुदत जितकी, तितकी तिची मुदत आहे का? सवलतीचा पैसा घेणाऱ्याच्या हाती राहतो, की घरांच्या भावात विरून जातो? आणि तिच्याबरोबर सुरक्षित जागा व पाणी मिळणार आहे का? नगरसेवक, आमदार, खासदार मते मागायला आपल्याच पेठांतून फिरतात. मताला आपण 'जनतेचा कौल' म्हणतो. तो देताना हे चार प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.