पाळणा कुणी लांबवला?

पेण असो की रोहा, ग्रामपंचायतीच्या अर्जांची छाननी आली की "ह्याला तिसरं मूल आहे" ही तक्रार येतेच. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभं राहता येत नाही. अशा नियमांच्या धाकानेच कुटुंबं लहान झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. इतिहास तसं सांगत नाही.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे 1952 मध्ये देशाने कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम म्हणून हाती घेतलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्याला 65 लाख रुपये ठेवले, तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या रोह्याचे सी. डी. देशमुख. आपण चिंतामणरावांचा अभिमान सांगतो, त्यात हेही धरावं.

पण पैसे ठेवले म्हणून पाळणे थांबले नाहीत. 1971 साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 वर्षाच्या आतच दगावत होती. भातशेतीला, मिठागराला हात लागायचे ते वेगळंच; म्हातारपणी बघायला एखादा तरी उरावा म्हणून पाच-सहा पोरं व्हायची. 2020 पर्यंत तो आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात तर 16 वर. पोर जगतं याची खात्री पटली. पोरगी शिकली, लग्न लांबलं. कमावता शेती सोडून धाटावच्या कारखान्यात नाहीतर मुंबईला लागला, आणि पोर म्हणजे कामाला हात नव्हे, शाळेची फी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 ला महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 ला 1.7. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच 2.1 लागतात!

सक्तीने काय साधलं? 1976 मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही. आणीबाणीच्या धास्तीने पुरुष नसबंदीपासून पळाले ते पळालेच. आज राज्यात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे, पुरुषांचं एक टक्कासुद्धा नाही.

आता कातकरी वाडीकडे बघा. अर्धं वर्ष वीटभट्टीवर, दवाखाना लांब, पोराच्या जगण्याची खात्री अजून पुरती नाही. तिथल्या बाईला तिसऱ्या मुलापायी सरपंचपद नाकारायचं, आणि राज्याची सरासरी 1.7! हा नियम आता नेमका कुणासाठी ठेवलाय, हे एकदा आपल्या आमदारांना विचारायला हवं.