दांडी, तार आणि तेल

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल दापोडी सोडते आणि कासारवाडीला थांबते. या दोन स्थानकांमधले अंतर काही मिनिटांचे, पण महाराष्ट्रातल्या वाहनदुरुस्तीचा मोठा इतिहास याच टापूत घडला आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि त्या एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीत उभी राहिली. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर मुंबईचा आणि नाशिकचा असे दोन रस्ते एकमेकांपासून फुटतात. तिथून भोसरीच्या अंगाला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. रेल्वेने पुढे तिसरे स्थानक आकुर्डीचे, म्हणजे तेव्हाच्या बजाज टेम्पोचे. पिंपरीत टाटांच्या टेल्कोचा कारखाना, आणि १९७७ मध्ये तिथून पहिला ट्रक बाहेर पडला.

एवढे कारखाने जवळ असले की त्यांच्या सावलीत दुसरा एक धंदा वाढतो. इथे तो वाढला तो अदलाबदलीचा: एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवायचे, एकीचा गिअरबॉक्स दुसरीला जोडायचा. या कामाची आठवण निघाली की सगळे इंजिनाबद्दल बोलतात. कामाचा कस मात्र लागत असे तो क्लचमध्ये.

क्लचचे काम थोडक्यात सांगता येते. इंजिन फिरत राहते, पण गिअर बदलताना त्याची ताकद क्षणभर गिअरबॉक्सपासून तोडावी लागते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली क्लच प्लेट तेवढ्यापुरती मोकळी करावी लागते. पाय केबिनमध्ये, प्लेट गिअरबॉक्सच्या तोंडाशी. पायाचा जोर तिथवर न्यायचा कसा, या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली: दांडी, तार आणि तेल.

दांड्यांची आणि तारांची व्यवस्था साधी आणि टिकाऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पेडलपासून क्लचपर्यंत यांत्रिक जोडणीच होती, आणि महिंद्राने भारतात जोडलेल्या जीपांमधून ती आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या हाताखाली आली. पुढे मारुती ८०० मध्ये तार होती. तार झिजली की पेडल जड होते, तुटली की गाडी जागच्या जागी उभी राहते, पण रस्त्याकडेला अर्ध्या तासात नवी घालता येते. यांत्रिक जोडणीची अट एकच: इंजिन, गिअरबॉक्स आणि पेडल कंपनीने ठेवले तिथेच राहिले पाहिजेत. क्लचचा हात दोन बोटे सरकला तरी दांडीचा कोन बिघडतो. त्यात डिझेल इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलते, आणि ते हलणे दांडीवाटे थेट क्लचपर्यंत पोहोचते. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना धक्के बसतात ते त्यामुळे.

आणि इथल्या धंद्याचे सगळे कामच मुळी इंजिन सरकवण्याचे होते. बजाज टेम्पोने १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. पुढे तिच्यात मर्सिडीजचे ओएम-६१६ जातीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आले. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि हे इंजिन दणकट. त्यामुळे देशभरच्या गॅरेजांनी ते पेट्रोलच्या जीपांत आणि ॲम्बॅसडरमध्ये घातले. गावोगावी ते ‘मॅटाडोरचे इंजिन’ म्हणूनच ओळखले गेले. आकुर्डीच्या शेजारी असणाऱ्यांना सुटे भाग हाताशी मिळत, हा या पट्ट्याचा मोठा फायदा. इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये लेथवर कातलेली ॲडॉप्टर प्लेट घालायची, माउंटिंग नवी वेल्ड करायची, प्रॉपेलर शाफ्ट कापून लांबी जुळवायची. हे सगळे करणारे कारागीर इथे होते, कारण त्यांच्यातले कित्येक दिवसा कारखान्यात हेच काम करत.

त्या काळच्या काही परदेशी गाड्यांचे प्रकरण याहून अवघड होते. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला, आणि त्यानंतरच्या मोठ्या अमेरिकन गाड्यांत क्लचचे पेडल दिसेनासे होत गेले. भारतात परदेशी वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. अशा गाडीचा ऑटोमॅटिक बिघडला की सुटे भाग मिळत नसत. मग देशी इंजिनाबरोबर देशी, हाताने बदलायचा गिअरबॉक्सही आत जाई. पण गाडीला तिसरे पेडलच नाही! फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, भोक नाही, दांडीला जागा नाही, आणि जिथून दांडी जायला हवी तिथे नेमकी स्टिअरिंगची पेटी किंवा एक्झॉस्टचा पाइप.

इथे तेल उपयोगी पडले. द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला सिद्धांत. ब्रेकसाठी तो १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत वापरला गेला, आणि क्लचलाही तोच लागू पडला. वर पेडलशी मास्टर सिलिंडर, खाली क्लचशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये बारीक नळी. नळी वाकवून कुठूनही नेता येते आणि शेवटचा तुकडा रबरी होजचा ठेवला की इंजिन कितीही हलो, पेडलला पत्ता लागत नाही. टाटाच्या ४०७ आणि सुमोमुळे असे सिलिंडर रस्त्याकडेच्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळू लागले. गॅरेजमधल्या जोडकामाला खरा वेग आला तो या दोन लहान सिलिंडरांमुळे, असे म्हणायला जागा आहे.

काम सोपे झाले, चुका मात्र नव्या आल्या. पहिली मापाची. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १९ मिलिमीटर आणि स्लेव्हचा २२ असेल, तर वरचा पिस्टन ३० मिलिमीटर सरकल्यावर खालचा सुमारे २२ सरकतो. मास्टर १६ चा घातला तर पेडल मऊ लागते, पण खालचा पिस्टन जेमतेम १६ सरकतो. क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. दुसरी चूक फायरवॉलची. ऑटोमॅटिक गाडीचा तो पत्रा पायाचा जोर सोसण्यासाठी बनवलेला नसतो. मागून जाड पट्टी लावली नाही तर पेडल दाबल्यावर पत्राच वाकतो आणि अर्धी चाल तिथेच संपते. तिसरी चूक सर्वांत फसवी. मास्टरच्या पुशरॉडला थोडी ढील ठेवली नाही तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडचे बारीक छिद्र बंद राहते, तेल गरम होऊन फुगते आणि क्लच आपोआप थोडा दाबलेला राहतो. बोरघाटात अशी प्लेट जळायला वेळ लागत नाही, आणि एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत मुंबईची बहुतेक वाहतूक घाट चढून कासारवाडीवरूनच पुण्यात शिरत होती.

शेवटचे काम नळीतली हवा काढण्याचे. हवा दबते, तेल दबत नाही. एक बुडबुडा राहिला तरी पेडल पोकळ लागते. एक पोरगा सीटवर, मिस्त्री गाडीखाली. ‘मार… धर… सोड’ या तीन शब्दांवर हे काम अजूनही चालते. त्यात घालायचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते, हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून उघडा डबा जपून ठेवायचा नाही. त्याऐवजी इंजिन ऑइल ओतले तर आतले रबरी वॉशर फुगून सिलिंडर निकामी होतो.

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले आणि नव्या पिढीच्या गाड्या या पट्ट्यात बनू लागल्या. अनेक युरोपीय गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते. ब्रेकच्याच टाकीच्या कुशीतून, मुद्दाम वरच्या पातळीवरून, क्लचची नळी निघते. क्लच गळला तरी ब्रेकपुरते तेल खाली शिल्लक राहावे म्हणून. अशी गाडी ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना फक्त सिलिंडर जोडून भागत नाही. गिअरबॉक्स आणि इंजिन यांचे संगणक एकमेकांशी बोलत असतात, त्यांनाही हा बदल समजावून सांगावा लागतो. दुसरीकडे, २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटीने उलटी वाट धरली: साधा गिअरबॉक्स आणि साधा क्लच तसेच ठेवून पेडल काढले, आणि तेलाचा दाब विजेच्या पंपाकडे सोपवला.

कायद्यानेही या धंद्याला आवर घातला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीशी विसंगत ठरणारा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक कडक केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कारण मॅटाडोरचे इंजिन बसलेल्या कित्येक जीपांचे ब्रेक मात्र जुन्या, हलक्या इंजिनाच्याच हिशेबाचे राहिले होते.

पण त्या कारागिरांनी मिळवलेले ज्ञान कागदावर कुठेच नाही. कोणत्या गाडीला कोणता सिलिंडर, किती जाडीची प्लेट, दांडीला किती ढील, हे सगळे आज साठी-सत्तरी गाठलेल्या मिस्त्रींच्या स्मरणात आहे. केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आणि एसटीची कार्यशाळा दोन्ही इथे हाकेच्या अंतरावर आहेत. या मंडळींना बसवून, त्यांच्याकडून एकेका जोडकामाची मापे आणि आकृत्या उतरवून घेण्याचे काम या संस्थांनी हाती घ्यावे, आणि ते लवकर घ्यावे.