ओसरीवरचे गणित

दिवेलागणीला तुळशीपुढे निरांजन लागले आणि देवघरातील समई उजळली, की ओसरीवर ओळीने बसलेल्या पोरांचा जो घोष सुरू होई त्याला आपल्याकडे परवचा म्हणत. त्या घोषात पाच वर्षांचा धाकटा असे, ज्याची मजल 'बे दाहे वीस'च्या पलीकडे जात नसे. सात-आठ वर्षांचा मधला असे, जो सतराच्या नाहीतर एकोणिसाच्या पाढ्यात हटकून अडखळे. आणि मुंज होऊन गेलेला थोरला असे, जो पावकी-निमकी मागे टाकून औटकीच्या चढणीला लागलेला असे. तिघांना सांभाळणारे माणूस मात्र एकच, आणि तेही बहुधा वाती वळीत बसलेली आजी, जिला अक्षर वाचता येत नसले तरी पाढ्यातली चूक तिच्या कानाला तत्काळ खटके. घरात तीन-चार मुले, त्यांची वये निराळी, बुद्धीची धाव निराळी आणि शिकविणाराच्या हाती दिवसाची एखादी घटका मोकळी, अशा स्थितीत कोणाला कोणते गणित कोणत्या क्रमाने द्यावे आणि एकाचे चालले असता दुसऱ्याने काय करावे, हा प्रश्न आजच्या सुशिक्षित आईबापांना पडला म्हणजे तो आपल्यालाच प्रथम पडला असे त्यांना वाटते. परंतु त्याचे उत्तर परवच्याने कोणतेही वेळापत्रक न लिहिता देऊन ठेवले होते.

घरच्या घरी चालणाऱ्या या शिक्षणाची सरकारी दफ्तरात नोंद जवळजवळ नाही, आणि ते साहजिकच आहे. कारण कलेक्टराचा कारकून शाळा मोजू शकतो, ओसऱ्या मोजू शकत नाही. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२६ साली लिहिलेल्या टिपणात मात्र त्याचा एक विलक्षण दाखला आहे. मद्रास शहरात शाळांतून शिकणारी मुले साडेपाच हजारांच्या आसपास, तर घरी नातलगांकडून किंवा खाजगी शिक्षकांकडून शिकणारी सुमारे सत्तावीस हजार, असा हिशेब तेथील कलेक्टराने दिला होता. हा आकडा मन्रोसाहेबांना स्वतःलाच फुगलेला वाटला, आणि मलाही तो पुरता पटत नाही. पण तो निम्म्याने कमी केला तरी घर हीच मोठी शाळा होती एवढे त्यातून निघतेच. मुंबई इलाख्यात १८२९ च्या सुमारास जमविलेल्या आकड्यांत शाळा सुमारे सतराशे आणि विद्यार्थी पस्तीस हजारांच्या घरात भरतात, म्हणजे एका पंतोजीमागे वीसेक मुले; उलट गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्टसाहेब १८२१ साली लिहून गेले की या मुलखात शाळा नाही असे खेडे विरळा, आणि येथील साधा कुळंबी किंवा किरकोळ दुकानदारही आपला हिशेब इतका चोख ठेवतो की विलायतेतल्या त्याच्या बरोबरीच्या माणसाला ते जमणार नाही. पहिले विधान अतिशयोक्त आहे यात शंका नाही. दुसरे खरे असेल, तर एवढ्याशा शाळांवर त्याचा उलगडा होत नाही. तो ओसरीवरच शोधावा लागतो. रा. वि. परुळेकरांनी १९५१ साली या काळच्या मुंबई इलाख्यातील देशी शिक्षणाचे कागद एकत्र छापून प्रसिद्ध केले. ते चाळताना शाळांच्या रकान्यांबाहेर राहिलेल्या या मुलांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता या गणिताचा क्रम पाहा. आधी अंक, मग दहापर्यंतचे, वीसपर्यंतचे आणि तीसपर्यंतचे पाढे, आणि ते तोंडवळणी पडले की अपूर्णांकांची ती प्रसिद्ध पलटण: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. साडेतीनाला 'औट' का म्हणावे हे त्या पोरांना कोणी सांगत नसे, पण शब्द फार जुना आहे. अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे, त्याचे प्राकृतातून घासत घासत औट झाले, जसे अर्धतृतीयाचे अडीच झाले, आणि औट हात देह म्हणताना तो शब्द संतांच्या वाणीतही वावरला. साहेबाच्या मुलाला अपूर्णांक अंश-छेदाच्या रूपाने कागदावर भेटतो. आमच्या मुलाला तो स्वतंत्र नाव-गाव असलेल्या माणसासारखा भेटे. दोन पंचमांशाला आमच्या बोलीत सुटसुटीत नाव नाही, पण पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना आहे. कारण येथील मापे पाचांनी किंवा दहांनी नव्हे, दोहोंनी तुटत. पायलीच्या पोटात दोन अधोल्या, अधोलीत दोन शेर, शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी, चिपट्यात दोन कोळवी आणि कोळव्यात दोन निळवी. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे करीत जाणाऱ्या या बाजारात ज्याची पावकी कच्ची तो दिवसाढवळ्या लुबाडला जाई.

अडीचकी आणि औटकी हा मात्र निव्वळ छळ होता, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. औटकीपुरते मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण वजनाचा मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. चाळिसास सोळांनी भागले तर येतात अडीच. म्हणून जिन्नस जितके रुपये मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर. गूळ सहा रुपये मण असेल तर अडीच शेरांचे सहा आणे, पाच शेरांचे बारा, आणि ज्याला अडीचकी येते त्याला साडेसतरा शेर म्हणजे सात वेळा अडीच हे दिसताच बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे, हे उत्तर तागडी खाली येण्याच्या आत सापडते. अडीचकी कोणा पंडिताने अभ्यासक्रमात घातलेली नव्हती; तागडीनेच ती तेथे नेऊन बसविली होती.

बाजाराइतकाच कचेरीचाही या गणितावर शिक्का आहे, आणि तो शब्दांतच उमटलेला आहे. आपण ज्या चार क्रिया शिकतो त्यांपैकी गुणाकार आणि भागाकार संस्कृत कुळातले. बेरीज आणि वजाबाकी मात्र यावनी अमदानीतल्या दफ्तरातून आलेल्या. शास्त्रीबोवांना गुणाकार-भागाकार हवे होते, ग्रहगणितासाठी. फडावरच्या कारकुनाला जमा, खर्च, तेरीज आणि शिल्लक यांच्याशीच प्रयोजन. पोरगे त्या दोघांच्या मधोमध बसून दोन्ही भाषांत एकच पाटी गिरवीत असे. आणि पाटी हा शब्दही सामान्य नव्हे. भास्कराचार्यांची ११५० मधली लीलावती ज्या शाखेतली, तिचे नावच पाटीगणित. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा शिलालेख आजही आहे. फळीवर धूळ पसरून तीवर आकडे काढावे, हाताने पुसावे, पुन्हा काढावे, ही रीत आपल्या धूळपाटीत अगदी परवापर्यंत जिवंत होती, आणि अरबांनी हिंदी पद्धतीच्या अंकगणिताला धुळीचा हिसाब असे नाव दिले तेही याच धुळीमुळे. पंतोजीच्या पडवीत धुळाक्षरे गिरविणाऱ्या पोराला आपल्या बोटाखाली एवढी वंशावळ आहे याची कल्पना नसे. त्याची नजर छडीवर असे.

छडीचा विषय निघालाच आहे तर बल्लारीचे कलेक्टर कॅम्बेल यांनी १८२३ साली पाठविलेला अहवाल सांगितला पाहिजे. त्यांच्या जिल्ह्यात ५३३ शाळा भरल्या, त्यांत कानडी २३५, तेलुगू २२६ आणि मराठीच्या २३. सकाळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि मागाहून येणाऱ्यांना याच चढत्या भाजणीने. क्रमवाचक संख्येचा इतका झोंबणारा धडा दुसरा नसेल. पण त्याच अहवालात शाळा कशी चाले हेही आहे: मुलांचे चार वर्ग, खालच्या वर्गांवर वरची हुशार मुले नेमलेली, आणि सर्वांत वरचा वर्ग तेवढा गुरुजींच्या स्वतःच्या नजरेखाली. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावे ही काटकसर कॅम्बेलसाहेबांना इतकी आवडली की विलायतेत तिचे झालेले अनुकरण अगदी योग्यच, असे ते म्हणतात.

ते अनुकरण घडले ते असे. मद्रासजवळ एग्मोर येथे फौजी अनाथ मुलांच्या आश्रमावर १७८९ मध्ये नेमलेल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मलबारी मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, तीच युक्ती आपल्या आश्रमात आणली, मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची व्यवस्था लावली आणि १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तांत छापला. पुढे लँकास्टर नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने तीच पद्धत थोड्या फरकाने गाजविली, दोघांच्या अनुयायांत मूळ कल्पना कोणाची यावरून वाद माजला, आणि काही वर्षांनी मुंबईच्या विद्याप्रसारक साहेबलोकांनी हीच लँकास्टरची पद्धत येथल्या मागासलेल्या शाळांना सुधारण्याकरिता मोठ्या आस्थेने आयात केली. आपलेच धान्य परदेशी पोत्यातून विकत घेण्याचा प्रसंग या देशावर पुष्कळदा आला आहे. हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणायचा.

एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीत १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस झाले. देशी शिक्षणातले पहिले व्यंग म्हणजे पुस्तकांचा अभाव, असा त्या मंडळीच्या कमिटीचा निष्कर्ष होता. वाचनापुरता तो रास्त होता; गणिताचे पुस्तक मात्र प्रत्येक घरात होते, ते आजीच्या तोंडात होते. जर्व्हिस हे हाडाचे इंजिनियर, मराठी शिकलेले आणि कष्टाळू. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने चार्ल्स हटन यांच्या गणितग्रंथाच्या आधारे मराठीत पुस्तके सिद्ध केली. हटन हे वुलिचच्या लष्करी विद्यालयातले प्राध्यापक, आणि त्यांचा मूळ ग्रंथ १७९८ चा, तोफखान्याच्या उमेदवारांसाठी लिहिलेला! कोकणातल्या ज्या पोराला आयुष्यात तांदूळ मोजायचा आणि व्याज आकारायचे, त्याच्या हाती तोफखान्याचे गणित आले. तरीही त्या पुस्तकांचा उपकार लहान नाही. परवच्याने उत्तर दिले, पण उत्तर का बरोबर ते कधी सांगितले नाही. औटकी धडधडा म्हणणारा मुलगा चौकोनी खळ्याचे क्षेत्रफळ विचारताच गप्प बसे. नियम, उदाहरण, उपपत्ती हा क्रम मराठीत प्रथम या पुस्तकांनी आणला, आणि त्या मंडळीच्या शाळांतून तयार झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी पुढे शून्यलब्धी, म्हणजे चलनकलन, यासारखा दुर्घट विषय मराठीत मांडण्याचे धाडस केले.

गमावले ते एवढेच की पुस्तक आले आणि मुले वेगळी झाली. पुस्तक ज्याच्या इयत्तेचे त्याच्यापुढे. धाकट्याच्या कानावर थोरल्याचा धडा पडेनासा झाला. परवच्यात सर्वांचा आरंभ एकत्र होई, आपली सरहद्द आली की धाकटा थांबे, पण उठून जात नसे. सवायकी शिकण्यापूर्वी त्याने ती दोन वर्षे ऐकलेली असे, आणि ज्या दिवशी ती त्याच्यावर येई त्या दिवशी ती निम्मी पाठच असे.

शहाण्या घरांनी दोन्ही राखले. रत्नागिरीचे गंगाधरपंत टिळक हे स्वतः शिक्षक, त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलेले. त्यांनी आपल्या बाळचे, म्हणजे पुढच्या लोकमान्यांचे, शिक्षण आरंभी घरीच केले. आठव्या वर्षी मुंज झाली तेव्हा बाळचे गणित भिन्न परिमाणांपर्यंत झाले होते, शिवाय रूपावली, समासचक्र आणि निम्मा अमरकोश मुखोद्गत होता, असे चरित्रकार सांगतात. श्लोक पाठ केल्याबद्दल वडील एकेक पै देत ही आख्यायिका प्रसिद्धच आहे, आणि ती खरी असेल तर काहीशे पयांचे रुपये-आणे करण्याचा सराव त्या मुलाला आपोआप झाला असणार. पुढे डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्र्यांपाशी त्यांनी गणित केले, त्याचा पाया असा ओसरीवर भरलेला होता.

पण हे ब्राह्मण शिक्षकाचे घर होते, हे विसरून चालणार नाही. प्रेंडरगास्टसाहेबांच्या हिशेबी कुळंब्यांची स्तुती मान्य केली, तरी महार-मांगांच्या पोराला पंतोजीच्या पडवीची पायरी बंद होती. आणि मुलगी त्याच ओसरीवर भावांच्या मागे बसून सगळे पाढे ऐके, पाठ करी, पण तिच्या हाती धूळपाटी येत नसे. वाती वळताना नातवाची चूक पकडणारी आजी निरक्षर का होती याचे उत्तर यात आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली, तेव्हा ऐकलेले लिहिण्याचा हक्क अशा मुलींना मिळू लागला.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि दुकानादुकानांतून रूपांतराचे तक्ते टांगले गेले: एका आण्याचे सहा, दोहोंचे बारा, तिहींचे एकोणीस, चारांचे पंचवीस. शाळकरी मुलांनी तो तक्ता निमूटपणे पाठ केला. ज्या म्हाताऱ्यांची सवायकी पक्की होती त्यांना मात्र त्यात काहीतरी खटकले. आणा सव्वासहा पैशांचा, तेव्हा बे सव्वासहा साडेबारा, त्रिक सव्वासहा पावणेएकोणीस, असे पुटपुटत त्यांनी दोन आण्यांत अर्धा पैसा दुकानदाराने खाल्ला आणि तीन आण्यांत पाव पैसा आपल्याला जास्त मिळाला, याचा हिशेब तक्त्याखाली उभ्याउभ्याच लावला.