शाळेचा निकाल कोण लावतो?

मराठवाड्यातल्या मानवतच्या एखाद्या खाजगी अनुदानित शाळेच्या कपाटात आज दोन तऱ्हेचे दप्तर सापडते. एकात सरकारी नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण. दुसऱ्यात वर्गशिक्षकांनी मुलागणिक लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी, ‘गटात मिळूनमिसळून काम करतो’, ‘शाब्दिक उदाहरणात अडतो’ अशा. ही जोडी जमली कशी, हे पाहायला आपल्याला पंतोजींच्या पडवीपर्यंत मागे जावे लागते. तिथे छापील परीक्षा नव्हती, पण कसोटी होती. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ झाली आणि मोडीतले पत्र वाचता-लिहिता आले, की शिक्षण सार्थकी लागले असे घरचे मानत.

1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली आणि पैशामागोमाग इन्स्पेक्टरही आला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी 1862 मध्ये निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धत आणली; त्याच दशकात ती मुंबई इलाख्यातही रुजली. इन्स्पेक्टरसाहेबांनी मुलांचे वाचन, लेखन, गणित तपासायचे आणि किती उतरले यावर शाळेची रक्कम ठरायची. मास्तरांनी साहजिकच तेवढेच घोटून घेतले. 1882 च्या हंटर आयोगापुढे या पद्धतीचा ऊहापोह झाला. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात ती मागे पडली. मात्र परीक्षेचा धाक मागे राहिला.

मानवत तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणून आपण तिकडे वळू. 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. मराठी मुलाला वरची पायरी चढायची तर परक्या भाषेतून. याच मराठवाड्यात 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले. चारित्र्य, स्वावलंबन आणि देशकार्य यांवर तिथे विद्यार्थी पारखला जाई. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. एका दारी नालायक ठरलेली मुले दुसऱ्या दारी लायक ठरली.

1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1 जानेवारी 1966 रोजी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ कामाला लागले. मग आला गुणवत्ता यादीचा काळ. ‘आमचा मुलगा बोर्डात आला’ एवढ्या एका वाक्यावर शाळेची कीर्ती वाढू लागली. यादी पुढे बंद झाली, पण निकालाच्या टक्क्यावर शाळा जोखण्याची सवय गेली नाही.

2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षीच्या 20 ऑगस्टच्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांना अधिकृत वजन मिळाले. पंतोजींची डोळस पारख जणू सरकारी रकान्यात आली. पण 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयामागोमाग पायाभूत चाचण्या आल्या आणि 2023 मध्ये पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षाही परतली. अमेरिकेतही हीच ओढाताण दिसते. 1991 मध्ये मिनेसोटाने कायदा करून सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभारावर चालणाऱ्या चार्टर शाळांना वाट दिली. आपल्या अनुदानित शाळांच्या त्या दूरच्या भावंडच. 2002 च्या तिथल्या केंद्रीय कायद्याने त्यांनाही सरकारी चाचण्यांचे बंधन आले.

दीडशेहून अधिक वर्षांचा हा प्रवास एकच गोष्ट सांगतो. पैसा किंवा कीर्ती एकाच परीक्षेला बांधली, की शिकवणे तेवढ्यापुरते आक्रसते. तरीही सरकारी चाचणी टाकाऊ नाही. कुठल्या तालुक्यात किती मुलांना वाचता येत नाही, हे तिच्यावाचून झाकलेच राहील. मात्र ते मूल कोणते आणि नेमके कुठे अडले आहे, याचे उत्तर शिक्षकांच्या नोंदीतच मिळते. तेव्हा पालकांनी निकालपत्रकावर सही करण्याआधी शाळेकडे ती दुसरी वहीही मागावी.