‘घ्राण’ आणि ‘घाण’: एका अर्थापकर्षाचा इतिहास

‘घ्राणेंद्रिय’ आणि ‘घाण’ हे दोन शब्द मराठीत एकाच कुळातले आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. पहिला शरीरशास्त्राच्या ग्रंथात शोभतो. दुसरा उच्चारताच नाक मुरडले जाते. तथापि दोहोंच्या मुळाशी ‘घ्रा’, म्हणजे वास घेणे, हा एकच संस्कृत धातू आहे. ‘घ्राण’ म्हणजे हुंगण्याची क्रिया, तिचे इंद्रिय आणि गंधही. प्राकृतात जोडाक्षरातील ‘र’ लोपून ‘घाण’ हे रूप सिद्ध झाले. अर्थ नाक किंवा वास असाच राहिला. मराठीत मात्र नपुंसकलिंगी शब्द स्त्रीलिंगी झाला आणि त्याचा अर्थ ‘दुर्गंधी’ एवढाच उरला. पुढे दुर्गंधीचे कारण असलेला मळ, कचरा, विष्ठा यांनाही तोच शब्द लागू झाला. अर्थसंकोच, अर्थापकर्ष आणि अर्थविस्तार या तिन्ही प्रक्रिया येथे एकाच शब्दात आढळतात.

गंधवाचक शब्द स्वभावतःच अधोगामी असतात, असे स्पष्टीकरण यावर सुचते. त्याला आधारही आहे. संस्कृत ‘गंध’ तटस्थ आहे. न्यायवैशेषिकांनी पृथ्वीचा हा गुण सुरभी आणि असुरभी असा द्विविध मानला. त्याच्याशी सामान्यतः जोडला जाणारा फारसी ‘गंद’ मात्र केवळ दुर्गंधीचा वाचक असून, ‘गंदा’ हे विशेषण त्यातूनच आले. मराठी ‘वास’ही तटस्थ खरा, परंतु ‘खोलीत वास येतो’ एवढेच म्हटले, तर तो चांगला असेल असे कोणी समजत नाही.

परंतु हा नियम सार्वत्रिक नाही. 1510 ते 1961 या काळात गोव्यात राज्यकर्त्यांची भाषा असलेल्या पोर्तुगीजचेच उदाहरण पाहावे. लॅटिनमध्ये वासासाठी ‘ओदोर’ हे नाम आणि ‘ओलेरे’ हे क्रियापद होते. स्पॅनिश ‘ओलेर’ या क्रियापदापासूनच आले. ‘फ्राग्रारे’ या दुसऱ्या क्रियापदाचा रूढ अर्थ सुगंध दरवळणे असा होता. दोन ‘र’ एकत्र नकोसे वाटून बोलीत त्याचे ‘फ्लाग्रारे’ झाले आणि त्यातून पोर्तुगीज ‘शैरार’ हे क्रियापद निघाले. त्याचा अर्थ नुसता वास येणे वा घेणे. तो चांगला की वाईट, हे वेगळ्या शब्दाने सांगावे लागते. फ्रेंच ‘फ्लेरे’ त्याच मुळाचा. तो हुंगणे, सुगावा लागणे या अर्थी स्थिरावला. सुगंधाचा शब्द येथे तटस्थ झाला, दुर्गंधीकडे गेला नाही.

तेव्हा अपकर्षाचे कारण नाकात नव्हे, शब्दांच्या परस्परसंबंधांत शोधावे लागते. शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. मराठीत तटस्थ स्थान ‘वास’ने घेतले, सुखद स्थान ‘सुवास’, ‘परिमळ’, ‘दरवळ’ यांनी. ‘गंध’ कपाळावरील चंदनाचा आणि ‘गंध नसणे’मधील अल्पशा जाणिवेचाही वाचक झाला. ‘घाण’च्या वाट्याला उरलेली जागा आली. संस्कृतातून पुन्हा उचललेला ‘घ्राण’ मात्र शास्त्रात प्रतिष्ठित झाला. एकाच शब्दाचे तत्सम रूप सोवळ्यात आणि तद्भव रूप उकिरड्यावर, अशी ही वाटणी आहे.

समीक्षेच्या दृष्टीने ती उपेक्षणीय नाही. घाण उपसण्याचे काम ज्या समाजात जन्मावरून वाटले गेले, तेथे हा शब्द वस्तूवरून माणसावर सहज सरकतो. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (1972) अभिरुचीने बाहेर ठेवलेले हे शब्दविश्व काव्यात आणले, तेव्हा मराठी काव्यभाषेची ती वाटणीच प्रश्नांकित झाली. अशा कृतीला ‘घाणेरडी’ म्हणणारा समीक्षक केवळ वर्णन करीत नसतो; त्या वाटणीवर तो नव्याने शिक्कामोर्तब करीत असतो. ‘घाण’ हे मुळात हुंगण्याच्या शक्तीचेच नाव होते. समीक्षकाने नाक मुरडण्याआधी ती शक्ती वापरणे अपेक्षित आहे.