चाळीस वर्षे वाट पाहणारे

एखाद्या क्रीडासंघाचा इतिहास लिहिताना खेळाडूंची नावे आणि चषकांची संख्या दिली जाते. दर सामन्याला हजर राहणाऱ्या चाहत्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा इतिहास त्या चाहत्याच्या बाजूने पाहण्यासारखा आहे.

१८९१ साली स्थापन झालेला हा क्लब १९३४ साली कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. १८९८ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत तोपर्यंत एकाही भारतीय संघाला विजेतेपद मिळाले नव्हते. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ते या क्लबकडेच राहिले. काळ्यापांढऱ्या पोशाखातील या खेळाडूंना पाहण्यासाठी मैदानावर गर्दी मावत नसे. तिकीट न मिळालेले लोक फोर्ट विल्यमच्या तटाकडील उंचवट्यावर उभे राहून खेळ पाहत. १९४० साली या संघाने दिल्लीत इंग्रज पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून ड्युरँड चषक जिंकला. त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स चषकही त्यांनीच नेला.

अशा काळात चाहता होणे सोपे असते. कसोटी पुढे लागली. १९८१ साली लीगचे विजेतेपद मिळाले आणि त्यानंतर ते जणू रुसलेच. मधल्या वर्षांत इतर काही चषक आले, पण लीग हाती येईना. २०१४ साली तर आय-लीगमधून खालच्या विभागात उतरावे लागले. १९८१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा पन्नाशीला पोहोचला, तेव्हा कोठे १८ नोव्हेंबर २०२१ रोजी मोहमेडनने रेल्वे संघाला १-० असे हरवून लीग पुन्हा जिंकली. एका गोलासाठी चाळीस वर्षे! त्या दिवशी आनंदाने रडणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते, ज्यांचा १९८१ साली जन्मही झाला नव्हता. वडिलांकडून त्यांना मिळालेला वारसा विजयाचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. २०२४ साली याच संघाने आय-लीगही जिंकली.

पालकहो, शिक्षक म्हणून मला येथे आपल्या घरांची आठवण होते. मुलगा पहिला आला की मोहल्लाभर पेढे वाटले जातात. तोच दहावीत नापास झाला की दुसऱ्या दिवशी कामावर लावला जातो, आणि मुलगी असेल तर शाळा कायमची सुटते. पुरवणी परीक्षा द्यायलाही कोणी सांगत नाही. परक्या अकरा खेळाडूंसाठी माणसे चाळीस वर्षे थांबली. आपल्या लेकरासाठी आपण काही महिने थांबू शकणार नाही काय?