अमानत आणि इमारत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, मशिदी, मकबरे येतात. बँकेच्या इमारतीलाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक ज्या दगडविटांच्या भरवशावर गावाने आपली घामाची कमाई ठेवली, त्या दगडविटांत गावाचे सुखदुःख मुरलेले असते. अमेरिकेतील ओवाटोना शहराच्या जुन्या बँकेची हकीकत म्हणूनच आम्हांला आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात, मिनियापोलिसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ओवाटोना आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील वस्ती पाच-साडेपाच हजारांची होती. भोवती शेती आणि दूधदुभत्याचा मुलूख. बेनेट घराण्याकडे तेथील शेतकऱ्यांची बँक होती. तिचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट हार्वर्डमध्ये शिकलेले, संगीताची ओढ असलेले गृहस्थ. नवी इमारत बांधायचे ठरले तेव्हा ग्रीक-रोमन खांबांची नक्कल त्यांना नको होती. एका मासिकात शिकागोचे वास्तुशिल्पी लुई सलिव्हन यांचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी सलिव्हन यांना बोलावणे धाडले.

सलिव्हन म्हणजे अमेरिकेतील गगनचुंबी इमारतींचे एक आद्य शिल्पकार. फ्रँक लॉइड राइट हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. परंतु १८९५ मध्ये भागीदार अ‍ॅडलर वेगळे झाल्यावर सलिव्हन यांची कामे आटत गेली. अशा पडत्या काळात एका छोट्या शहराने या उस्तादाच्या हुनराची कदर केली.

१९०७-०८ मध्ये इमारत उभी राहिली. चारही बाजू सारख्या, ६८ फुटांच्या. खाली तांबूस वालुकाश्माचा पाया, वर खरबरीत लाल विटा आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड कमान. कमानींत रंगीत काचा, कडेने भाजलेल्या मातीची हिरवी वेलबुट्टी. आत चार झुंबरे, प्रत्येकाचे वजन सव्वादोन टन. भिंतीवर चित्रे कुणाची? राजामहाराजांची नव्हेत, कुरणात चरणाऱ्या गाईंची आणि पिकाच्या कापणीची. बारीक नक्षीच्या कामात सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज एल्म्स्ली यांचा मोठा वाटा होता. शेतकऱ्यांना बसण्या-बोलण्यासाठी वेगळी खोली होती, स्त्रियांसाठीही वेगळी होती. चिखलाच्या बुटांनी येणाऱ्या कुणब्याला येथे इज्जत मिळावी, ही त्यामागची दृष्टी.

पुढे पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले. शेतकऱ्यांनी कर्जे काढून जमिनी घेतल्या. १९२० नंतर भाव कोसळले. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. त्या दशकात अमेरिकेत पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या. १९२६ मध्ये ओवाटोनाच्या या बँकेवरही तीच पाळी आली. सलिव्हन यांनी ते पाहिले नाही. १९२४ मध्येच शिकागोत विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले होते.

येथे आम्हांला थांबून विचार करावासा वाटतो. कमान मजबूत होती, बांधणारा उस्ताद होता, चालवणारा सुसंस्कृत होता. तरीही बँक बुडाली, कारण तिचा खरा पाया शेतात होता आणि तो शेतमालाच्या भावाबरोबर खचला. भिंती कितीही जाड असल्या तरी अमानतीची हमी त्या देऊ शकत नाहीत. ती हमी कायद्यानेच द्यावी लागते. अमेरिकेने ठेवींच्या विम्याचा कायदा केला तो १९३३ मध्ये, हजारो घरे उद्ध्वस्त झाल्यावर.

आपल्याकडेही हेच घडले. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. त्या वेळी मर्यादा होती अवघी १,५०० रुपये. २०२० पासून ती पाच लाख आहे. मात्र पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही. काचेचे दरवाजे आणि गुळगुळीत फरशी पाहून आयुष्याची पुंजी सोपवणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे.

ओवाटोनाची इमारत मात्र वाचली. १९२९ मध्ये दुसऱ्या बँकेने ती घेतली. १९४० च्या फेरबदलांत आतील बरीच नक्षी नाहीशी झाली. परंतु १९५० च्या दशकाच्या अखेरीस हारवेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुशिल्पीच्या देखरेखीखाली तिची डागडुजी झाली. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९८१ मध्ये तिचे चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर झळकले.

पैशाची अमानत बुडाली, हुनराची अमानत मात्र शहराने सांभाळली. आपल्या कसब्यांतही जुन्या पेढ्या, सहकारी बँकांच्या दगडी इमारती आहेत. त्यांवर हातोडा पडण्याआधी त्या कुणी बांधल्या, कुणाच्या पैशावर उभ्या राहिल्या, एवढे तरी लिहून ठेवायला हवे. मुलांना शहराचा इतिहास शिकवायला याहून जवळचा धडा आम्हांला तरी दिसत नाही.